उपासनेत कोणते वाद्य चालते? मंडळीत पेटी वाजवणाऱ्या एकाचे सविस्तर उत्तर

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तासगाव तालुक्यातील लहान ख्रिस्ती मंडळी (चर्च), रविवारी साठ-सत्तर माणसे. तरुण संघाने वर्गणी काढून कीबोर्ड घेतला, पुढे ड्रमचा संच घ्यायचे मनात आहे, आणि मंडळीतील एका ज्येष्ठ वडिलांनी ‘नव्या करारात उपासनेत वाद्य वाजवल्याचे एक वचन दाखवा’ असे म्हणून सगळेच अडवून धरले आहे. तुम्ही त्यांच्यापुढे बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र १५० उघडलेत, त्यांचे समाधान झाले नाही, पाळकसाहेब ‘आपसात मिटवा’ म्हणून मोकळे झाले, आणि आता शास्त्राप्रमाणे बरोबर कोण, असे तुम्ही विचारत आहात.

मी सांगलीत राहतो आणि तीस वर्षांहून अधिक काळ मंडळीत पेटी वाजवतो. मधली काही वर्षे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवरही होतो. त्यामुळे हा वाद मी वाजवणारा म्हणूनही ऐकला आहे आणि निकाल द्यायला बसलेला म्हणूनही. माझे मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही दोघेही खरी वचने दाखवत आहात, आणि त्या वचनांवरून हा वाद सुटणार नाही. बायबलमध्ये मान्य वाद्यांची यादी नाही. तिथे वारंवार दिसणारी काळजी अशी आहे की गाणे लोकांच्या तोंडी असावे, त्यातले शब्द त्यांना कळावेत आणि ते नीट गायले जावे. तुमचा कीबोर्ड या कामी येतो की आड येतो, हे तुमच्या उपासनामंदिरात बसून ऐकणाऱ्यालाच सांगता येईल. काही गोष्टी तुमच्या मंडळीच्या शिस्तीवरही अवलंबून आहेत. कॅथलिक चर्चमध्ये १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मान देऊन इतर वाद्ये धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असे ठरवले आहे. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा निर्णय बहुधा स्थानिक वडील आणि पाळक घेतात. तुम्ही पंच आणि पाळक असे शब्द वापरले आहेत, म्हणून तुमची मंडळी दुसऱ्या प्रकारची आहे असे धरून पुढे लिहितो.

प्रथम त्या वडिलांची बाजू, कारण तुमच्या लिहिण्यावरून ती तुम्हाला नुसता म्हातारपणचा हट्ट वाटते असे दिसते. जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तापूर्वीच्या भागातील, वाद्ये यरुशलेमच्या मंदिराच्या सेवेशी आणि यज्ञार्पणाशी बांधलेली होती. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा २९ वा अध्याय वाचा: हिज्कीया राजाने मंदिर शुद्ध केल्यावर होमार्पणास आरंभ झाला तेव्हाच परमेश्वराचे गायन आणि कर्णे सुरू झाले, आणि होमार्पण संपेपर्यंत ते चालू राहिले. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले, यज्ञ थांबले, आणि लेव्यांचे, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचे, वादनही थांबले. सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, उरले ते शास्त्रवाचन, प्रार्थना आणि माणसाचा गळा, आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनेची रीत याच सभास्थानाच्या वळणाची होती. नव्या करारात मंडळीच्या उपासनेत वाद्य वाजल्याचा उल्लेख खरोखरच सापडत नाही. वीणा येतात त्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात, स्वर्गाच्या दर्शनात. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले (मार्क १४:२६). वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनात स्तोत्रे ११३ ते ११८ म्हणण्याची यहुदी प्रथा होती, त्यामुळे ते गीत यांपैकीच असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौल आणि सीला हे पहिल्या काळातले प्रचारक फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, तेव्हा पाय खोड्यात अडकलेले होते. तिथे वाद्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरीही बाकीचे बंदिवान ऐकत होते.

पुढे कित्येक शतके मंडळीने वाद्याविनाच गायले. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतांशी आजही तसेच गातात. सोळाव्या शतकात झुरिकमध्ये झ्विंग्ली या धर्मसुधारकाच्या चळवळीत ऑर्गन काढून टाकले गेले, आणि जिनिव्हात कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाने मंडळीला स्तोत्रे एका सुरात, साथीशिवाय गायला लावली. त्या स्तोत्रांचा पूर्ण संग्रह १५६२ मध्ये तयार झाला. त्याच्याच परंपरेतले स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत असेच गात. आपल्या मिरज-कोल्हापूर भागात काम केले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने, म्हणजे मंडळीतले ते वडील नकळत आपल्याच घराण्याची चीज गात आहेत. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात ठेवलेत तर निम्मा वाद तिथेच निवळेल.

आता तुमची बाजू. स्तोत्र १५० मध्ये शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्ये, पावा आणि दणदणीत झांजा हे सगळे आहे, त्यामुळे ‘मोठ्या आवाजाचे वाद्य देवाला आवडत नाही’ असे शास्त्राच्या आधारे म्हणता येणार नाही. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम हिने हाती घेतला तो डफच. मात्र स्तोत्र १५० वर थांबू नका, कारण ती स्तोत्रसंहितेची भैरवी आहे. त्यामागचा रियाज इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिथे १५ व्या अध्यायात कनन्याला गायनाचा प्रमुख केले, कारण तो त्यात प्रवीण होता. २५ व्या अध्यायात परमेश्वराच्या गायनात तरबेज झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे आणि त्यांच्या २४ पाळ्या लावल्या आहेत. स्तोत्र ३३ वाद्ये कुशलतेने वाजवायला सांगते. शलमोनाच्या मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी कर्णे वाजवणारे आणि गाणारे एक होऊन एकाच सुरात स्तवन करू लागले, तेव्हा मंदिर मेघाने भरले, असे वर्णन आहे. तुमच्या संघातील किती जण आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून सराव करतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. आणि आमोस संदेष्ट्याचे पुस्तकही वाचा. तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, असे देव तिथे म्हणतो, आणि दाविदाप्रमाणे नवनवी वाद्ये शोधून काढणाऱ्यांना तोच संदेष्टा टोला मारतो. त्या लोकांचे वादन वाईट होते असे कुठेही म्हटलेले नाही. न्याय पायदळी तुडवून ते वाजवत होते.

मला स्वतःला स्तोत्रांचे मथळे फार बोलके वाटतात. पन्नासाहून अधिक स्तोत्रांवर ‘मुख्य गवयासाठी’ असे लिहिले आहे. काहींवर चालीचे नाव आहे: २२ व्या स्तोत्राला ‘पहाटेची हरिणी’, ६९ व्याला ‘शोशन्नीम’, म्हणजे कमळे. शब्द जपले गेले, चालींची नावेसुद्धा जपली गेली. सुरावट मात्र एकाही स्तोत्राची आपल्यापर्यंत आलेली नाही. याचा अर्थ मी असा घेतो की प्रत्येक लोकाने आपल्या गळ्याला बसेल ती चाल लावावी. मराठीत तसे झालेही. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवीची सवय होती. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजने दिली, आणि मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला तो आपल्या शेजारच्या साताऱ्यात.

वाद्याला वास चिकटतो तो त्याच्या सोबतीचा, हेही त्या वडिलांशी बोलताना ध्यानात असू द्या. सुरुवातीच्या ख्रिस्ती शिक्षकांचा वाद्यांवर राग होता, कारण त्या काळी ती नाटकशाळांत, मद्याच्या पंगतींत आणि मूर्तीपुढच्या यज्ञांत वाजत. हे समजून घ्यायला आपल्याला रोमला जायला नको. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचे रेठरे हरणाक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने ढोलकी मंदिरात येऊ दिली नव्हती, कारण ढोलकीवर थाप पडली की डोळ्यांपुढे तमाशाचा फड उभा राहायचा. आज तीच ढोलकी ‘आपले पारंपरिक वाद्य’ म्हणून कीबोर्डविरुद्ध पुढे केली जाते. पेटीचे तर विचारूच नका. हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने घेतले. मिशनऱ्यांनी आणलेल्या पायपेट्या इथल्या मंदिरांत वाजल्या. हाताच्या भात्याची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी रुळवली. आणि परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती. माझी पेटी दुरुस्तीला मी मिरजेत नेतो. तिथे सतार-तंबोऱ्याच्या दुकानांच्या गल्लीत बसलो की जवारी लावणारे, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवणारे, कारागीर अजूनही पेटीकडे जरा तुच्छतेनेच बघतात. दोन पिढ्यांत वास जातो, हे खरे. पण तो जाईपर्यंत समोर बसलेल्या माणसाला तो येत असतो, हेही तितकेच खरे, आणि त्याला नाक दाबून बस म्हणणे ही उपासना नव्हे.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिच्यातून मिळाले. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखाच हट्टाने कीबोर्ड आणला. त्यात रिदमचे बटण होते: कहरवा दाबा, कहरवा सुरू. पहिल्याच रविवारी मंडळीला तोंडपाठ असलेले एक जुने भजन घेतले. आता मंडळी गाते कशी ते बघा. ओळ संपली की म्हाताऱ्या माणसांना श्वास घ्यायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळे जण अर्धी-पाऊण मात्रा रेंगाळतात, आणि तबलजी त्यांच्याकडे बघत समेला तेवढा थांबतो. यंत्र थांबत नाही. दुसऱ्या कडव्याला मंडळी अर्धी ओळ मागे पडली. मला वाटले त्यांना ताल ऐकू येत नसेल, म्हणून मी आवाज वाढवला. तिसऱ्या कडव्याला पुढच्या बाकांवरचे माझ्याबरोबर, मागचे एक ओळ मागे, आणि मधले गप्प. चौथे कडवे मी एकट्याने गायलो. बाहेर पडताना आमचे जुने तबलजी, जे त्या दिवशी हात बांधून बसले होते, मला म्हणाले, “तुमचा नवा तबलजी भैरा हाय की वो.” मी ते बटण पुन्हा दाबले नाही. कीबोर्ड मात्र आजही आहे, आणि नाताळात तो वाजतो.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा याची, आणि नव्या संघांचे सर्वांत जास्त इथेच चुकते. तुम्ही मोबाइलवरची मूळ रेकॉर्डिंग ऐकून गीत बसवता. ती त्या गायकाच्या गळ्याच्या पट्टीत असते. समजा, गायकाचा षड्ज (सा) पांढरी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, आहे आणि अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला, जातो. तो कसलेला तरुण गळा आहे, त्याला ते शोभते. तुमच्या मंडळीतला उसाला पाणी पाजून आलेला पन्नाशीचा माणूस तिथे पोहोचत नाही, आणि वय झालेल्या बायकांचा आवाज खाली उतरलेला असतो, त्यांना तर त्याहून जड जाते. आमच्या तिसऱ्या बाकावर एक आजी बसत. मुखडा त्या माझ्याकडे बघून म्हणत, आणि अंतरा सुरू झाला की चष्मा काढून पदराने पुसायला घेत. मला कितीतरी महिने वाटायचे की त्यांना भरून येते. सूर चढत होता, एवढेच. मी पट्टी दोन स्वरांनी उतरवली आणि चष्मा पुसणे बंद झाले. सर्वसाधारणपणे मी षड्ज पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या दरम्यान ठेवतो आणि अंतरा तार गंधाराच्या वर जात असेल तर आणखी खाली येतो. तुमच्या कीबोर्डवर ट्रान्सपोझचे बटण असेलच. पांढरी तीनवरून पांढरी एकला यायला ते उणे चारवर न्यायचे. ड्रम घ्यायचा की नाही याआधी हे करा.

गाणे मनाला ओढते, म्हणूनच त्याबद्दल सावध राहायला हवे, हे संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस फार प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. मिलानच्या चर्चमधले गायन ऐकून आपण रडलो हे तो सांगतो, आणि गायलेल्या अर्थापेक्षा गाणेच जास्त भिडले तर तो आपला दोष, असेही कबूल करतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस स्तोत्र म्हणणाऱ्याला इतका कमी चढउतार करायला लावी की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई, याची ऑगस्टीन आठवण काढतो, पण शेवटी कौल गाण्याच्याच बाजूने देतो. पौलाने ‘आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन’ (१ करिंथ १४:१५) म्हटले, त्यात हेच दोन्ही आहे. यावरून तुमच्या यादीतल्या गीतांविषयी स्पष्ट बोलतो. तुम्ही पाठवलेल्या आठ गीतांपैकी पाच हिंदी किंवा इंग्रजीवरून मराठीत आणलेली आहेत, आणि मूळ चालीत बसवताना ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व झाले आहे. मराठी कानाला ते खटकते आणि शब्द पाठ होत नाहीत. शिवाय आठही गीते विजयाची आहेत. स्तोत्रसंहितेत सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे; तुमच्या यादीत एकही नाही.

याने काय बिघडते, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आम्हाला कळले. कृष्णेचे पाणी उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी मंदिरात ओल्या भिंतींचा वास होता, निम्म्या घरांतला संसार रस्त्यावर वाळत पडला होता, आणि आमच्या तरुणांनी बसवलेली सगळी गीते जयघोषाची होती. त्यांनी एक सुरू केले आणि पहिल्या कडव्यातच ते थांबले. मंडळी गात नव्हती आणि त्यांनाही गाववत नव्हते. मग आम्ही स्तोत्र ६९ काढले, जे ‘पाणी माझ्या गळ्याशी येऊन ठेपले आहे’ अशा अर्थाच्या ओळीने सुरू होते. मी पेटीवर फक्त षड्ज-पंचम धरला, एक ओळ पाळकांनी म्हटली, एक मंडळीने. चाल नव्हती, ताल नव्हता, आणि त्या दिवशी मागच्या बाकापर्यंतचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. स्तोत्राच्या मथळ्यावर ‘कमळे’ या चालीचे नाव आहे, हे मला घरी गेल्यावर दिसले.

तर तुमच्यापुरते सांगायचे झाल्यास, ड्रमचा संच सध्या घेऊ नका. यात शास्त्राचा काही संबंध नाही. साठ-सत्तर माणसांच्या, पत्र्याच्या छपराच्या मंदिरात त्याच्या झांजा माणसांचा आवाज गिळून टाकतात, आणि तुम्हाला वाजवताना ते कळतही नाही. ताल हवाच असेल तर ढोलकी किंवा तबला ठेवा, किंवा तो लाकडी खोक्यासारखा काहोन चालेल, पण वाजवणाऱ्याला मंडळीकडे तोंड करून बसवा. कीबोर्ड राहू द्या, रिदम बंद, आवाज इतकाच की तुमच्या शेजारच्या माणसाचे गाणे तुम्हाला ऐकू यावे. प्रत्येक उपासनेत एका गीताचे शेवटचे कडवे सगळी वाद्ये थांबवून गा. पहिले दोन-तीन रविवार ते विस्कळीत होईल, होऊ द्या. नवे गीत महिन्याला एकच घ्या, आणि ते आधी महिला मंडळात शिकवा. रविवारी त्याच ते उचलून धरतात.

आणि त्या वडिलांकडे आता बायबल उघडून जाऊ नका, वही घेऊन जा. त्यांना तरुणपणी पाठ असलेली जुनी भजने कोणती, त्यांची चाल कशी होती, हे विचारा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. अशा चाली छापलेल्या कुठेच नसतात, माणसाबरोबर जातात. त्यांतले एक पुढच्या महिन्यात बसवा, पट्टी त्यांच्या गळ्याप्रमाणे ठेवून. ते वाद्याला लगेच होकार देतील असे मी म्हणत नाही. आमच्याकडे दोन वर्षे लागली. तुमच्या बाकीच्या गीतांची मूळ पट्टी आणि अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर लिहून पाठवलात, तर कुठे किती उतरायचे ते मी कळवतो.